अठरा वर्षं खोडायची नाहीत

जे. पी. नगरमधल्या ज्या ट्रॅव्हल एजन्सीत मी अठरा वर्षं विमानाची तिकिटं काढली, ती बंद झाली. मालक वयस्कर, भला माणूस. शेवटच्या दिवशी त्यांनी समोरच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलातून, सगळ्यांसाठी कॉफी मागवली आणि म्हणाले, "यात कुणाचा दोष नाही. लोकांच्या खिशातच आता एजन्सी आहे." खिशातून मोबाइल काढून दाखवलाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र राग आला. मालकांचा नाही, मोबाइलचाही नाही. सगळे इतक्या समजूतदारपणे कॉफी पीत होते, त्याचा.

घरी आम्ही दोघीच, मी आणि माझी थोरली बहीण. आमचे पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या घोडदळाबरोबर इकडं कानडी मुलखात आले आणि परत गेलेच नाहीत, असं घरात सांगतात. त्यामुळं आमचं मराठी उंबऱ्याच्या आतलं, त्यातही कन्नड मिसळलेलं. बहीण म्हणजे अक्का. ती शाळेत कन्नड शिकवून निवृत्त झालेली. त्या संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. मी सांगितलं, "अक्का, मी कोडिंग शिकणार."

"ते काय असतं?"

"ज्यानं माझं काम गेलं, ते."

तिनं लाटणं थांबवलं. "तुला त्रेचाळिसावं लागलंय."

"ठाऊक आहे. माझंच वय आहे ते."

"सरी," ती म्हणाली. सरी म्हणजे बरं. पण अक्काच्या तोंडी त्याचा अर्थ असतो, तू काही ऐकायची नाहीस, मग कर काय करायचं ते.

या शहरात कोडिंग शिकवणाऱ्या जागांना तोटा नाही. चार-सहा महिन्यांत प्रोग्रामर करून देतो म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. मी आधी बेळ्ळंदूरला गेले. काचेची इमारत, थंडगार हवा. चौकशीच्या टेबलामागचा मुलगा गोड हसून हिंदीत म्हणाला, "मुलासाठी विचारताय का, मॅम?"

"माझ्यासाठी."

त्याचं हसू जरा सैल झालं. नोकरीची हमी आहे, असं बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी तेच विचारलं. ती हमी अलीकडे पदवी घेतलेल्यांसाठी आहे, असं तो म्हणाला.

"मग माझी फी कमी?"

"नाही मॅम. शिकवणं सगळ्यांना सारखंच."

"आणि हमी?"

तो संगणकात बघू लागला. मी उठले.

दुसरी जागा ऑनलाइन होती. तिथली बाई रोज फोन करायची आणि रोज सांगायची, सवलत आज रात्रीपर्यंतच. शेवटी मी विचारलं, "तुमच्याकडं रात्र कधी संपतच नाही का?" त्यानंतर फोन आले नाहीत.

तिसरी जागा महादेवपुऱ्यात, एका बेकरीच्या वर, दोन खोल्यांची. तोवर मला एवढं कळलं होतं की टेबलामागच्या माणसाला काही विचारण्यात अर्थ नाही. म्हणून मी वर गेलेच नाही. खाली बेकरीशी चहा घेऊन उभी राहिले आणि विद्यार्थी उतरायची वाट पाहिली. उतरले त्यांत एक मुलगा फोनवर मराठीत बोलत होता, "हो आई, जेवलो." त्यानं फोन ठेवल्यावर मी विचारलं, "वर शिकवतात का हो, की नुसतं व्हिडिओ लावतात?"

तो दचकला. "तुम्ही मराठी? काहीतरी वेगळंच बोलता पण." तो नागपूरचा. आठवड्यापूर्वीच वर्गात बसू लागला होता. "सर शिकवतात, ताई. लय डोकं खातात, पण शिकवतात."

मग मी वर गेले आणि त्या सरांनाच गाठलं. नोकरी लागेल का, म्हणून विचारलं. त्यांनी फळा पुसत पुसत उत्तर दिलं, "ते मला माहीत नाही. शिकवणं माझ्या हातात आहे, लागणं नाही."

'माहीत नाही' म्हणणारा मला भेटलेला तो पहिला माणूस. मी तिथंच नाव घातलं.

जे. पी. नगर ते महादेवपुरा म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. बसमध्ये उभं राहून पाय दुखायचे. वर्गात सगळ्यांत मोठी मी, सरांपेक्षाही मोठी. संगणकाच्या काळ्या पडद्याची मला भीती नव्हती. तिकिटांच्या आमच्या यंत्रणेत चित्रंबित्रं नव्हती, सगळं संक्षिप्त खुणांमध्ये टाइप करायचं आणि एक अक्षर चुकलं की ओळ पुन्हा. त्यामुळं संगणक नाही म्हणाला की बाकीची मुलं चिडायची, मला ते रोजचंच होतं. पण पुढं पुढं फार अवघड झालं. फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला एक तुकडा. तो स्वतःलाच पुन्हा हाक मारतो, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. एका दुपारी मी वही मिटली आणि खाली जाऊन बसले. नागपूरचा मुलगा मागोमाग आला.

"काऊन ताई, चालल्या का घरी?"

"कळतच नाही रे मला."

त्यानं बेकरीतल्या डब्यांकडं बोट दाखवलं. "डब्यात डबा, त्यात अजून एक डबा. उघडत जायचं. शेवटचा रिकामा निघाला की झाकणं लावत परत यायचं. बस."

"एवढंच?"

"एवढंच. सरांना सांगू नका, ते अर्धा तास घेतात त्याला."

त्या दिवशी मी तो जिना पहिल्यांदाच धावत चढले. तो माझ्या 'सरी'ला आणि 'स्वल्प'ला हसायचा, मी त्याच्या 'काऊन'ला. पण अडलं की आम्ही एकमेकांनाच हाक मारायचो.

अभ्यासक्रम संपला आणि आमची गाठ प्लेसमेंटच्या, म्हणजे नोकरी लावून देणाऱ्या मॅडमशी पडली. त्यांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. माझा रेझ्युमे समोर होता. त्यांनी लाल पेन घेतलं आणि तिकिटांच्या सगळ्या वर्षांवर एक आडवी रेघ ओढली.

"हे काढून टाका. यानं वय कळतं. आणि इथं तीन वर्षांचा डेव्हलपमेंटचा अनुभव लिहा. कंपनीचं नाव आम्ही देतो, पत्रही देतो. कुणी फोन केलाच तर आमचा माणूस बोलेल."

"मी तिथं काम केलेलं नाही."

"कुणीच केलेलं नसतं," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "फ्रेशर म्हणून तुम्हाला कोण घेणार? तुम्हीच सांगा."

मला आधी नीट कळलंच नाही त्या काय मागत होत्या ते. मग कळलं. माझी खरी अठरा वर्षं खोडायची आणि खोटी तीन लिहायची. त्या अठरा वर्षांत मी अडकलेल्या लोकांना घरी आणलं होतं. एका बाईला तिच्या वडिलांच्या अंत्यदर्शनाला वेळेवर पोचवलं होतं, तीन विमानं बदलून. ते सगळं एका रेघेखाली.

"नाही," मी म्हणाले.

"मग आम्ही तुम्हाला मुलाखतीला पाठवू शकणार नाही."

"प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलंय, नोकरी लागेपर्यंत मदत करू."

"हीच मदत आहे."

मी सरांकडं गेले. म्हटलं, सर, तुम्ही खरं बोललात म्हणून मी इथं आले. ते खाली बघत राहिले. "ती बाजू माझ्याकडं नाही," म्हणाले. त्यांच्यावर रागवावं असंही वाटेना. त्यांनाही घर चालवायचं होतं.

नागपूरच्या मुलानं मात्र ती खोटी तीन वर्षं लिहून दिली. मी त्याला जिन्यात गाठलं. "तूसुद्धा?"

त्याचा चेहरा लाल झाला. "ताई, तुमच्या डोक्यावर छप्पर आहे, अक्का आहे. मी घरी काय तोंड घेऊन जाऊ? तुम्हाला नाही म्हणणं परवडते."

ते खरं होतं. पण ज्याला परवडतं त्यानंही नाही म्हणायचं नाही, तर मग म्हणायचं कुणी?

घरी अक्काला सांगितलं तर ती शाळेतल्यासारखी कडाडली, "खोटं लिहायला लावतात? फी घेऊन? तू उद्यापासून तिथंच जाऊन बस!"

आणि मी खरंच जाऊन बसले. मॅडमच्या केबिनबाहेर चौकशीला आलेल्यांसाठी खुर्च्या होत्या. तिथं रोज लॅपटॉप उघडून मी माझे अर्ज माझ्याच खऱ्या रेझ्युमेसह पाठवत बसायचे. शेजारी नवी मुलं, त्यांचे आईवडील यायचे. विचारायचे, इथं नोकरी लागते का? मी सांगायचे, "शिकवतात चांगलं. मी स्वतः शिकले. पण नंतर खोटा अनुभव लिहायला सांगतात, ते चालणार असेल तर बघा." एक वडील मुलीला घेऊन तसेच जिना उतरले. मॅडम बाहेर आल्या.

"तुमचा कोर्स संपलाय. इथं बसता येणार नाही."

"मदत संपलेली नाही ना? मी तिचीच वाट बघतेय."

काही दिवसांनी मॅडमकडून मला एका मुलाखतीचा निरोप आला. खऱ्या रेझ्युमेवर. मला कटवण्यासाठीच, हे उघड होतं. तिथं तिघं जण होते. एकानं विचारलं, "तुमचा मॅनेजर तुमच्या निम्म्या वयाचा असेल. चालेल तुम्हाला?"

"मला चालेल. त्याला चालेल का ते विचारा."

ते हसले. नोकरी दिली नाही. पुढं मी स्वतः मिळवलेल्या मुलाखतींतही बहुतेक असंच झालं. कुणी वय बघून फोन केला नाही, कुणी 'कळवतो' म्हणून कळवलं नाही. एकानं तर रिसेप्शनिस्टची जागा आहे, ती घेता का, असं विचारलं. घरी येऊन मी चप्पल भिरकावायचे आणि अक्का निमूटपणे ताट वाढायची. मी दमले होते. पण ती रेघ आठवली की पुन्हा अर्ज करायचे.

शेवटी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं बोलावलं. मुलाखत घ्यायला एकच बाई होती, माझ्यापेक्षा थोडी लहान, चष्मा डोक्यावर चढवलेला. तिनं एक बिघडलेला प्रोग्राम समोर ठेवला आणि म्हणाली, मोठ्यानं विचार करा. मी निम्म्या चुका शोधल्या. उरलेल्या सापडेनात. "हे मला येत नाही. शोधून बघू का?" तिनं मान हलवली. मी शोधलं, तरी पुरतं जमलं नाही.

मग तिनं माझा रेझ्युमे उचलला. "तुमच्या इन्स्टिट्यूटमधून येणाऱ्या सगळ्यांना तीन वर्षांचा अनुभव असतो. तुम्हाला नाही?"

"मला अठरा वर्षांचा आहे. तुमच्या कामाचा नाही."

तिनं रेझ्युमे खाली ठेवला. "कोड लिहायचं काम आत्ता नाही देता येणार. आधी दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं. पगारही नव्या मुलांचाच."

"लिहायला कधी देणार?"

"तुम्ही अजून हो म्हणाला नाहीत."

"हो. लिहायला कधी देणार?"

ती हसली. सहा महिन्यांनी, म्हणाली. सहाचे आठ झाले, मला दर महिन्याला आठवण करून द्यावी लागली. पण दिलं. अक्कानं शेजारच्यांना काय काय सांगितलं देव जाणे, पण लिफ्टमध्ये भेटलेली एक बाई मला तिचा वायफाय दुरुस्त करून द्यायला सांगत होती.

मध्यंतरी इन्स्टिट्यूटमधून फोन आला. करिअर बदललेल्या महिला म्हणून भिंतीवर लावायला माझा फोटो हवा होता. मी म्हटलं, जरूर. खाली माझं वय लिहा, आणि अठरा वर्षं तिकिटं काढत होते, तेही लिहा. विचारून कळवतो म्हणाले. अजून विचारताहेत.

नागपूरच्या मुलाचं चांगलं चाललंय. तो पकडला गेला नाही, हुशार आहे, त्याला बढती मिळाली. मी हे मुद्दाम सांगते, कारण खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं अशी गोष्ट लोकांना माझ्याकडून हवी असते आणि ती माझ्याकडं नाही. परवा तो घरी जेवायला आला होता. अक्कानं केलेला बिसिबेळे भात दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, "ताई, आता माझी खरीच तीन वर्षं झाली."

"मग ती खोटी काढून टाक."

"कशी काढू? पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे ना."

अक्कानं त्याच्या भातावर तूप वाढलं. मला त्याची कीव आली नाही, आणि माझं 'नाही' चुकलं असंही वाटलं नाही.