कॅलेंडरामागची बुरशी

भिताडावरची बुरशी घालवावी तर मीच, असं मी गावभर सांगायचो. रंग मारला की आठवड्यात ती परत वर यायची, मग मी तिच्यावर कॅलेंडर टांगायचो. त्याच भिताडाला आईची खाट. ती दिसरात खोकायची, अन् मी रंगातच दंग.

घोडेगावच्या बाजाराला निघालेला एक म्हातारा टेम्पोतल्या शेळ्यांसाठी पानी मागायला आला. खोकला ऐकून थेट आत शिरला. शेळीचं नाक चाचपावं तसा उलटा हात भिताडाला लावला, हुंगला, कॅलेंडर उचलून बघितलं.

"बाबा, आता लई भारी रंग आनतो," मी म्हनलो.

त्यानं आईसकट खाट दाराकडं ओढली, उन्हात. मग माझ्याकडं वळला.

"आमी शेळीबी असल्या भिताडाला बांधत न्हाई. तू तर आईच बांधलीस."