रविवारच्या उड्या

ऑफिसातला एक सहकारी परवा विचारत होता, घरच्या घरी करायचा तो पंचेचाळीस दिवसांचा प्रोग्राम करून बघावा का. मी केला होता एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, कशासाठी केला ते सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, कर, पण आधी डॉक्टरला विचार. मग त्याच्यावर उगाचच चिडलो आणि चहाला निघून गेलो.

आमचं ऑफिस न्हावा शेव्याला उतरणाऱ्या मालाची कागदपत्रं करतं. मी तिथे सोळा वर्षं खुर्चीत बसलोय. ती खुर्ची खरं तर आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची कमाई. ते साताऱ्याकडून आले आणि तुर्भ्याच्या मार्केटात आयुष्यभर पोती वाहिली. पोराच्या पाठीवर एकही पोतं पडता कामा नये, ही त्यांची एकच हौस. ती त्यांनी पुरी केली. मी शिकलो, बसलो आणि चाळिशीच्या आतच पोट सुटलं.

मग आबांचं लिव्हर निकामी झालं. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण कधीकाळची कावीळ आत मुरलेली. घरातल्या कुणी लिव्हरचा तुकडा दिला तर वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. आई आधीच गेलेली, बहिणीचा रक्तगट जुळेना. उरलो मी. माझ्या तपासण्या झाल्या तर माझ्याच लिव्हरवर चरबी निघाली. आठ किलो उतरवा, मग बघू, डॉक्टर म्हणाले. वेळ किती आहे, मी विचारलं. दोनेक महिने धरून चला, त्यापुढचं मला सांगता येत नाही. रोज तासभर भरभर चाला, तेल-साखर बंद करा, एवढाच त्यांचा सल्ला होता.

चालणं मला पटेना. बाप डोळ्यांदेखत पिवळा पडतोय आणि मी सेक्टरातल्या बागेला फेऱ्या मारतोय, हे चित्रच मला सहन होईना. मोबाईलवर तो प्रोग्राम सापडला. डॉक्टरांना सांगायची गरज वाटली नाही. हॉलमधला टीपॉय गॅलरीत ढकलला आणि सुरू झालो. उडी, खाली बसणं, जमिनीवर पालथं पडणं, पुन्हा उडी. पडद्यावरचा माणूस ओरडत असे आणि त्याला घामही येत नसे. पहिल्या आठवड्यात मला संडासात बसता-उठता येईना.

आबा दिवाणावर पडून बघत असत. त्यांचा जन्म ओझ्याखाली गेलेला, त्यांना राहवायचं नाही.

"आरं, दम सोड की. दम धरून उचाललंस तर पाठ जाती."

मी दम सोडू लागलो आणि खरंच जमू लागलं. वजन उतरत होतं. प्रोग्रामला नावं ठेवायची तर तेवढं कबूल करून ठेवली पाहिजेत. रविवारी त्यात सुट्टी असायची. पहिला रविवार सोडला तर ती मी कधी घेतली नाही. मला वाटायचं, सुट्टी बारीक व्हायला आलेल्या लोकांसाठी असते, माझ्यासाठी नाही.

फेरतपासणी एका सोमवारी होती. आदल्या सकाळी काट्यावर उभा राहिलो तर अजून अर्धा किलो बाकी. आबा म्हणाले, "उद्या सुई टोचनार हायती. आज बस जरा. रविवारी आमी पोत्याचा हूक खुंटीला लावायचो, बगायचोबी न्हाई त्याच्याकडं." बसतो, मी म्हणालो. दुपारी ते आतल्या खोलीत झोपले, बायको बाजारात गेली, आणि मी लागोपाठ दोन दिवसांचे व्यायाम एका दमात केले. काटा हवा तिथे आला तेव्हा मला रडू फुटलं, इतका आनंद झाला.

मंगळवारी डॉक्टर रिपोर्ट बराच वेळ बघत राहिले. दारू घेता का? नाही. एखादा काढा, गोळ्या? नाही. दोन-तीन दिवसांत काही जड व्यायाम? मी रविवारचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. स्नायू एवढे पिळवटले की लिव्हर बिघडल्यावर वाढतात तेच आकडे रक्तात वाढतात, ते म्हणाले. आता यातलं स्नायूंचं किती आणि लिव्हरचं किती, मला कसं कळणार? दहा दिवस काही करू नका. नुसते बसा, मग पुन्हा रक्त घेऊ.

मी उठलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "आणि अर्ध्या किलोसाठी मी थांबवलं नसतं हो."

घरी सांगितलं, लॅबवाल्यांनी घोळ घातलाय, परत रक्त द्यायचंय.

ते दहा दिवस मी ऑफिसातून रजा घेऊन त्यांच्यासमोर खुर्चीत बसून काढले. त्यांचं पोट पाण्यानं तट्ट फुगत होतं. मधेच शब्द हरवायचे, वार चुकायचे. रोज सकाळी मी आधी त्यांचे डोळे बघायचो, किती पिवळे झालेत ते. उठून काहीतरी करावं म्हणून पाय शिवशिवायचे आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. माझी मलाच इतकी किळस कधी आली नव्हती.

पाचव्या दिवशी ते आढ्याकडे बघत म्हणाले, "रविवारी नाचलास न्हवं?"

मी त्यांची चादर सारखी करू लागलो.

"आत ऐकू येत व्हतं मला. धाड धाड."

"मग हाक का नाही मारली आबा?"

"माज्यासाटीच करत व्हतास. काय म्हनून हाक मारू?"

अकराव्या दिवशी माझा रिपोर्ट आला, अगदी स्वच्छ. दाता म्हणून योग्य, असं त्यावर लिहिलं होतं. पण पहाटेपासून आबांना ताप भरला होता. पोटातल्या पाण्यात जंतू झालेले. तो संसर्ग उतरेपर्यंत ऑपरेशन नाही, असं सांगून त्यांना हॉस्पिटलात ठेवून घेतलं. हे कधीही होऊ शकलं असतं, डॉक्टर म्हणाले. माणूस प्रामाणिक होता, म्हणून मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करतो. रोज नाही जमत.

आठ दिवसांनी आबा गेले. आदल्या सकाळी मी पलंगाशी उभा होतो, रिपोर्टची फाईल अजून हातातच. ती मी उगाचच सगळीकडे नेत होतो. त्यांनी डोळे उघडले आणि मला पायापासून वर नीट बघितलं.

"हुबा का? आज रविवार न्हवं का?"

शुक्रवार होता.

"हो आबा," मी म्हणालो.

"मग बस की लेका."

मी स्टूल ओढलं आणि बसलो.