निंबावर टांगलेला फोन

वीज कुठं पडणार हे आधी सांगणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. पुण्यातल्या ऑफिसात बसून मी ढगांच्या तापमानाचे आणि जुन्या विजांच्या नोंदींचे आकडे संगणकाला पुरवते, आणि येत्या तासाभरात कोणत्या शिवारावर धोका आहे याचा तो अंदाज बांधतो. गावाकडे कोणी विचारलं तर माय एका वाक्यात उरकते, "पोरगी ढगं मोजते." मोजते तर मोजते!

त्या दुपारी गावाकडे सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, जोरात होती. स्क्रीनवर रिसोडकडून निघालेले विजांचे लाल ठिपके शेलूबाजार ओलांडून मानोऱ्याकडे सरकायला लागले, तेव्हा मी जेवणाचा डबा तसाच बंद केला. पोहरादेवीच्या अलीकडचं आमचं शिवार त्या ठिपक्यांच्या अगदी तोंडावर होतं, आणि माय सकाळपासून वावरात होती.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. "उचल न वं माय, कायले अंत पाहून राह्यली!" मी ऑफिसात मोठ्यानं ओरडले. आजूबाजूचे वळून पाहायला लागले. पाहू देत. मी पुन्हा लावलाच.

रिंग वाजत असतानाच माझ्या ध्यानात आलं. सोंगताना आमच्याकडच्या बाया फोन अंगावर ठेवत नाहीत. वाकलं की पडतो, म्हणून तो भाकरीच्या थैलीत टाकतात आणि थैली धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला टांगतात. आख्ख्या वावरात तेवढं एकच उंच झाड. फोन घ्यायला मायला त्याच झाडाखाली जावं लागणार होतं, आणि मी, विजांची मोठी जाणकार, तिला तिथंच बोलावत होते.

चटका बसावा तसा मी फोन कापला.

मग शेजारच्या वावरातले काका आठवले. त्यांचा फोन सदऱ्याच्या खिशात असतो. देवाची कृपा, त्यांनी लगेच उचलला.

"बोल वं पोरी, काय म्हणते पुणं?"

"काका, मायले निंबाजवळ जाऊ देऊ नका! वीज पडते तिथं!"

"अजून त लांब गरजून राह्यलं..."

"हात जोडते काका, पयले धावा!"

ते धावले. फोन चालूच होता. त्यांची धाप ऐकू येत होती, मग आरोळी, "ओ वहिनी, मांगं फिरा! निंबाखाली जाऊ नका!" आणि कान फाटेल असा कडाका. फोन बंद.

स्क्रीनवर आमच्याच शिवारात नवा ठिपका उमटला. अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. आग लागो त्या अंदाजाला! मी काकांचा नंबर फिरवत राहिले, तो लागेना. डोळ्यांपुढं फक्त मायचा चेहरा होता.

शेवटी काकांच्याच नंबरावरून फोन आला. आवाज मायचा.

"निंब उभा फाटला वं बाई."

मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी तिच्यावरच खेकसले, "एवढं गरजत होतं, झाडाकडं काहून चालली होती तू? इजा चमकताना दिसत नव्हत्या तुले?"

"दिसून राह्यल्या होत्या न," माय म्हणाली. "पण तुया फोन थांबेच ना. म्हटलं, पोरीवर काई बेतलं असन. मंग इजेले भेत बसू काय?"