माणसं कमी करावी लागतील

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. सरकारनं किमान वेतन वाढवलं की आम्हा कारखानदारांच्या चहाला एकच विषय असतो: आता माणसं कमी करावी लागतील. वाद दरवेळी तोच, पण किस्से मात्र नवे. यंदाच्या वाढीनं तर इतके दिलेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

आमच्यात सगळ्यात ठाम आहेर. मूळचा चांदवडचा, प्रेस पार्ट बनवतो. वाढ जाहीर झाली त्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, दोन माणसं काढणार. आपल्या बाराही कामगारांची यादी खिशात घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो चहाला आला. मी विचारलं, कोणाकोणाला काढतोयस?

"ज्याच्यावाचून काम अडत नाही असा एकच सापडला," तो म्हणाला. "पण मालकाला काढता येत नाही."

*

आमच्या लेबर कन्सल्टंटचं आडनाव पगार. नवे दर समजून घ्यायला आहेरनं त्यांना बोलावलं. महिना जेमतेम अर्धा झाला होता. गेटवरच्या नव्या वॉचमननं तिथूनच हाक दिली, "साहेब, पगार आले!"

पाच मिनिटांत सगळी मशीनं बंद आणि माणसं ऑफिससमोर रांगेत.

पगारसाहेबांनी खिडकीतून रांग पाहिली आणि आहेरला म्हणाले, "इतकं स्वागत माझं सासुरवाडीलाही झालं नव्हतं."

*

मीही काही कमी नाही. खोकी चिकटवणाऱ्या मशीनचं कोटेशन मागवलं. सेल्समन आला, व्हिडिओ दाखवला, चार माणसं वाचतील म्हणाला. मी जवळजवळ तयारच झालो होतो. सहज विचारलं, बंद पडलं तर दुरुस्तीला कोण येणार?

"पुण्याहून इंजिनिअर येतो, सर. सध्या जरा वेळ लागेल, एकच उरलाय."

"आणि बाकीचे?"

"पगार परवडत नाही म्हणून सोडून गेले."

*

गेल्या महिन्यात नाशिक रोडच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, किमान वेतन वाढल्यानं रोजगार घटतो. एक तरी परीक्षक कारखानदार हवा म्हणून मला बोलावलं.

अनुकूल बाजूनं एक मुलगी अशी बोलली की माझीच बाजू मला पहिल्यांदा नीट कळली. छोट्या धंद्यावर ताण कसा येतो, नवी भरती कशी थांबते, मालकाला मशीन का परवडायला लागतं, सगळं मुद्देसूद. मी डोळे मिटून पहिला नंबर दिला. बक्षीस देताना विचारलं, हे सगळं पटतं का तुला? ती हसली, म्हणाली, चिठ्ठीत हीच बाजू आली होती.

कार्यक्रम संपल्यावर ती आईला भेटवायला घेऊन आली. बघतो तर आमच्या सुनीताबाई. चौदा वर्षं माझ्याकडे खोक्यांना पिना मारतात. मी त्यांचं अभिनंदन केलं, मुलगी फार हुशार आहे म्हणालो.

त्यांनी मुलीला जरा मागे सारलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, ती बोलली ते स्पर्धेपुरतं. तुम्ही मनावर घेऊ नका."