आधी रोडगा, मग वरण

पौषातला दुसरा रविवार, केळझर. टेकडीच्या पायथ्याचं शेत. हजर: कॉलनीच्या महिला मंडळाच्या आम्ही सगळ्या, सोबत नवरे, नेहमीचा आचारी, आणि पत्रावळीवाली बाई. ती जेवायला आली नव्हती. आपल्या पत्रावळी टिकतात का, ते बघायला आली होती.

मंडळाची सेक्रेटरी मी, त्यामुळे रोडग्यांच्या, म्हणजे विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, जेवणाची यादी मीच करते. यंदा यादीत पहिलीच ओळ होती: ताटात प्लास्टिक नको. कारण माझ्या ओट्यावरचा भाजी चिरायचा पांढरा पाट. एक दिवस तो घासताना मधोमध खोलगट लागला. वर्षानुवर्षं त्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरला, वांगी चिरली. पाटाचं झिजलेलं प्लास्टिक कुठे गेलं? मोरीत थोडं, बाकी आमच्या पोटात. पाट फेकला, पण मन काही थाऱ्यावर आलं नाही. मिठाची, तेलाची, पाण्याची, जी हाती येतील ती पाकिटं वाचून काढली. मीठ किती, साखर किती, सगळं छापलेलं. प्लास्टिकचे कण किती, हे कुठेच नाही. पिशव्यांवर बंदी आहे, कणांना मर्यादा नाही. मग आपल्यापुरता तरी नियम करू म्हटलं.

पळसाची पत्रावळ म्हणजे निर्धास्त, असं मी धरून चालले होते. गेल्या वर्षीची एक उरली होती, ती फाडून पाहिली तर दोन पानांच्या मध्ये प्लास्टिकची पन्नी. तशीच बाईच्या घरी गेले.

"मले काय पन्नीची हौस हाय काय?" ती म्हणाली. "तुमच्यासारख्याच बाया म्हन्ते, वरण गयते. मंग लावली."

"आता काढा."

"काढतो. पन मंग कोनी घेईन काय?"

हाच खरा प्रश्न होता. तिचं घर पत्रावळीवर चालायचं, आणि गावात थर्माकोलसारखी पांढरी ताटं आल्यापासून तेही जेमतेम. मी आचाऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "केळझरला टिकल्या तर लगीनसराईत माह्या सगळ्या लग्नांना हिच्याच घेईन." बाईनं पन्नी काढून जुन्या पद्धतीनं, काड्यांनी टोचून पत्रावळी केल्या.

पहिली पंगत बसली. वाढायचा क्रम मी कागदावर लिहून दिला होता: चटणी, वांग्याची भाजी, वरण, रोडगे. वाढणाऱ्यांनी तो तंतोतंत पाळला. वरण पडलं, पानांच्या सांध्यातून निघालं आणि थेट मांड्यांवर.

"काऊन वो बाई, वरण पत्रावळीत वाढून राह्यल्या का साडीत?" पंगतीतली एक ओरडली.

"सेक्रेटरीबाईचा नियम हाय, पन्नी पोटात नको. साडी जाऊ द्या!" शेजारची म्हणाली.

सगळे हसले. आचारी हसला नाही. त्यानं मान हलवली आणि विस्तवाकडे गेला.

पत्रावळीवाली बाई इतका वेळ कडेला उभी होती. तिनं येऊन माझ्या हातातला कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. "हे कोनी लिवलं? वरण पयले कोन वाढते? आंधी रोडगा चुरा, त्याचं आळं करा, मंग आळ्यात वरण. आमच्या मायच्या टायमाले एक थेंब नाई गये."

पन्नीच्या पत्रावळींनी आम्हाला आळं करणंच विसरायला लावलं होतं. दुसऱ्या पंगतीला क्रम फिरवला. रोडगे चुरले, आळी झाली, वरणही जागच्या जागी राहिलं. ज्यांच्या साड्या भिजल्या होत्या त्या उभ्या राहून बघत होत्या.

मी आचाऱ्याला ओढून आणलं. त्यानं पाहिलं. "बराबर हाय ताई. पन लग्नात लोकं उभ्यानं खातेत. एका हातात ताट धरून आळं कोन करीन?"

उत्तर बाईला सुचलं. पानं दुप्पट लावायची, वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. आठवड्याच्या आत तिनं नमुन्याच्या सहा पत्रावळी माझ्या घरी पाठवल्या. गरम वरण ओतून, हातात धरून, उभ्यानं जेवून पाहायचं आणि आचाऱ्याला कळवायचं, एवढंच माझं काम.

त्या सहाही फ्रीजवर आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. पानं कडेनं वळायला लागलीत. वरण मी रोज करते. वरण उकळायला लागलं की हात फ्रीजकडे जातो आणि परत येतो. गळलं तर काय सांगू तिला? पन्नी परत लाव म्हणू? काल तिचा फोन आला. "पाह्यलं काय वो बाई? आचारी इचारून राह्यला. पांढरी ताटं सांगतो म्हन्ते."

"उद्या पाहते," म्हटलं.

आजच्या यादीतलं सगळं झालं. गॅसचा नंबर लावला, दळण आणलं, मंडळाचं इतिवृत्त लिहून काढलं. एका ओळीपुढे खूण नाही: पत्रावळीत वरण ओतून पाहणे.