डोये तपासाले नेतो सांगून

आमच्या घरात मरनाचं नाव कोनी घेत नाई. नाव नाई घेतलं का ते येत नाई, असं आमच्या घरच्या हुशार मानसाइनं ठरवून टाकलं हाय. माह्या नवऱ्याच्या वेळी बी कोनी नाव घेतलं नोतं. तो ट्रक घेऊन गेलता, तरी रस्त्यात ते आलंच. पन तेवढ्यानं शिकलो तं आमी कायचे!

तवा माही पोरगी रांगत होती. रस्त्याकडच्या दोन खोल्यात मी राहाची अन् मशीनवर बायाइचे ब्लाउज शिवाची. मांगं सासू-सासरे अन् भासरे, म्हंजे नवऱ्याचे मोठे भाऊ, त्याइचं खटलं. घर समदं मामाजीचं, म्हंजे माह्या सासऱ्याचं. कापसाच्या जिनिंगमधी राबून सोताच्या कमाईनं बांधलेलं. मामाजी गेले का मले अन् पोरीले थ्या खोल्यात राहू देतीन का नाई, ह्या भेवानं मले घास उतरत नोता. भासरे वाईट नाई बरं, देवमानूस हायत. फक्त येता-जाता माह्या दारात उभे राहाचे अन् म्हनाचे, "इथं किरान्याचं दुकान झकास चालन."

मामाजी एकडाव सोताच बोलले होते, "ह्या दोन खोल्या नातीच्या नावानं लिहून ठेवतो." तं समदे अंगावर धावले, शुभ बोला, शुभ बोला. मंग पोळा झाल्यावर पाहू. पोळा झाला तं पित्रं लागले, थ्यात कागद कसा कराचा? मंग दिवाळी, मंग तुरी निघू द्या, मंग लग्नं आले. मरनाच्या कागदाले मुहूर्त पाहनारे लोक आमीच.

मामाजीनं काई मुहूर्त पाह्यला नाई. त्याइले झटका आला. एक हात आखडला, तोंड जरासं वाकडं झालं. मी भेत भेत नंदेपुढं कागदाचं काढलं, तं ते म्हने, "वयनी, दादा गेला, आता बाबाले बी पोचवाची घाई झाली काय तुले?"

मी मशीनवर जाऊन ब्लाउज शिवत बसली.

शेवटी सासूनं अक्कल लढवली. मले बाजूले घेऊन म्हने, "वकिलाकडून मृत्युपत्र लिहून आन. त्याइले काई सांगू नोको. डोये तपासाले नेतो म्हनू. मोतीबिंदू तं हायच. तिथं अंगठा घेऊ अन् गपचूप घरी."

वा! अन् मी बी सातवी शिकलेली, ते बी हो म्हनली. समोरचे मेकॅनिक चाचा अन् मामाजीचे जिनिंगमधले दोस्त साक्षीले घेतले, पोरीले कमरेवर घेतलं अन् पांढरकवड्याले गेलो रजिस्ट्री ऑफिसात.

सायबानं कागद वाचला अन् मामाजीले इचारलं, "बाबा, कशासाठी आलात?"

"डोये तपासाले."

"मृत्युपत्र करायचं आहे ना तुम्हाला?"

मामाजीनं माह्याकडं पाह्यलं. "नाई बा. डोये."

सायब माह्याकडं असा पाहे का जसं मी म्हातारं मानूस चोरून आनलं. "यांना माहीत नसताना अंगठा घेता? घरी न्या यांना." चाचानं कपायावर हात मारला, "अरे बेटी, ये क्या कर डाला?"

बाहीर चहाच्या टपरीवर बसलो अन् माह्यानं राहावलंच नाई. दम खाल्ल्याबिगर बोलत गेली, "मामाजी, डोये-बिये काई नाई, तुमी गेल्यावर मी अन् हे पोरगी कुठी जाऊ, थ्या खोल्या लिहून द्या म्हनून आनलं तुमाले, घ्या, बोलली मी, आता काय व्हाचं थे होऊ द्या!"

मामाजी काई तिथंच्या तिथं मेले नाई. बशीतला चहा फुकून पेले.

"मले मालूम हाय," म्हनले. "तुह्या सासूनं सकायीच सांगतलं, कागद कराचा हाय, पन सून भेकाड हाय, नवरा गेल्यापासून मरनाचं नाव आयकलं का कापते, तिच्यापुढं डोयेच म्हना. सायबापुढं तू उभीच होती. मंग काय म्हनू?"

म्हंजे सासूनं दोघाइले बी सांभाळलं. लय मायाळू बाई.

मामाजी काठी टेकत परत आत गेले. सायबानं मले बाहीर काढलं, दार लोटलं. मी भिंतीले टेकून उभी, पोरगी माही बांगडी चावून राह्यलती. वाकड्या तोंडानं मामाजी असे ओरडले का शिपाई बी वळला, "मरनाचा कागद कराले आलो! रस्त्याकडच्या खोल्या नातीले, ते मोठी होईस्तोर तिची माय पाहीन. मांगचं समदं मोठ्याले. मी भानावर हावो, डोये बी बरे हायत!"

मी पोरीच्या तोंडातून बांगडी काढली.

आता भासरे माह्या दारात उभे राहात नाईत. दुकानाची जागा आपोआप खराब झाली. मामाजी कोनीबी आलं का सोताहून सांगते, माह्या मरनाचा कागद झाला, च्या घेता काय? सासू कानावर हात ठेवते.

मोतीबिंदूचं बी आता ठरलं. परवा नंदेचा फोन आला, "वयनी, बाबाले ऑपरेशन म्हनू नोको, भेतीन. रजिस्ट्रीत नेतो म्हन."

मी फोन ठेवला अन् मामाजीले जाऊन सांगून टाकलं. ऑपरेशन. डोयात सुई. समदं.

मामाजी जराशे भेले. मंग म्हनले, "बरं. तू येजो संग."