अणुकरार आणि आईचा व्हिसा

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मला फसवलं. जी गोष्ट इथे अमेरिकेत राहणाऱ्या कोणालाही मागितल्यावर मिळते, ती त्यांनी मला सौद्यात दिली. खरं म्हणजे दिलीही नाही.

दोन हजार आठचा गणपती. अर्विंगमध्ये माझं किराण्याचं दुकान होतं. मी या देशात हॉटेलचा स्वयंपाकी म्हणून आलो, दुकान नंतर काढलं. भेंडीच्या पेटीपासून जागेच्या भाड्यापर्यंत समोरच्याने सांगितलेली किंमत मी कधी मान्य केली नाही. माझं डोकं लवकर तापतं हेही सगळ्यांना माहीत होतं. पण अध्यक्ष गोड बोलायचे. ते जवळच्याच फ्रिस्को गावात राहायचे, मोठ्या कंपनीत होते, टाय लावून दुकानात यायचे.

त्या दिवसांत भारत आणि अमेरिकेचा अणुकरार वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या मतदानापाशी आला होता. आमच्या भागाचे खासदार कुठल्या बाजूला आहेत ते सांगत नव्हते. अध्यक्षांनी छापील पत्रांचा गठ्ठा माझ्या काउंटरवर ठेवला. करार मंजूर करा, एवढंच त्यात होतं. खाली सहीला जागा.

"शेठ, आपली सगळी माणसं तुमच्याकडे येतात. सह्या तुम्हीच मिळवून द्याल."

"मला काय मिळेल?"

"अहो, देशाचं काम आहे!"

"मग देशाला सांगा. मला गिऱ्हाइकं आहेत."

ते हसले. मग मी आईचं सांगितलं. आई सांगलीला एकटी. माझी मुलगी सहा वर्षांची झाली तरी आईने नातीला पाहिलं नव्हतं. मी दोनदा जाऊन आलो होतो, पण दुकान बंद ठेवून सगळ्यांनी जाणं जमत नव्हतं. आईला दोन महिन्यांसाठी इकडे आणायचं होतं आणि तिचा व्हिसा एकदा नाकारला गेला होता. मुंबईच्या वकिलातीत अधिकाऱ्याने विचारलं, इथे तुमचं कोण आहे? ती म्हणाली, कोणी नाही, एकच मुलगा, तो तिकडे. खरं बोलली, पण ही परत येणार नाही असं त्याला वाटलं, आणि ती रिकाम्या हाताने परत गेली. दुसरी मुलाखत ऑक्टोबरमध्ये होती.

अध्यक्ष खाली वाकून म्हणाले, "खासदारांच्या ऑफिसातून वकिलातीला पत्र जाऊ शकतं. माझं तिथे वजन आहे. तुम्ही सह्या द्या, पत्र माझ्याकडे लागलं."

"मुलाखतीच्या आधी."

"आधीच."

आम्ही हात मिळवले.

सह्यांसाठी मी जागा बरोबर निवडली. गणपतीच्या महाप्रसादाची रांग जिथे सुरू होते, तिथे टेबल टाकलं आणि ताटं माझ्यामागे ठेवली. सही केल्याशिवाय ताट नाही. लोक चिडले, हसले, सह्या केल्या.

"काका, हे काय साइन करतोय मी?" पुण्याच्या एकाने विचारलं.

"अणुकरार. मसालेभात संपत आलाय, लवकर कर."

त्याच्यामागे नागपूरचा एक होता. "यार काका, मी एच-वन व्हिसावर आहे. मला व्होटच नाही. माझ्या सहीने काय होणार?"

"भूक लागलीय ना? मग लिही नाव."

एक काकू मात्र पूर्ण पत्र वाचत उभ्या राहिल्या. मागची रांग त्यांच्या नावाने ओरडायला लागली, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "बरं लिहिलंय," आणि दोन ताटं घेऊन गेल्या.

गठ्ठा द्यायला आम्ही खासदारांच्या ऑफिसात गेलो. अध्यक्षांच्या हातात शाल आणि गणपतीची मूर्ती, माझ्या हातात आईच्या कागदांचं पाकीट. पार्किंगमध्ये त्यांनी मला थांबवलं.

"आज हे नको, शेठ. दोन देशांचा विषय आहे. त्यात तुमच्या आईला कुठे घालता? द्या इकडे. मी पोचवतो."

मी पाकीट दिलं. आयुष्यभर माल हातात आल्याशिवाय पैसे न सोडणारा मी, ते पाकीट मात्र तसंच सोडलं.

करार मंजूर झाला. मंडळात पेढे वाटले, अध्यक्षांचा सत्कार झाला. माझं मात्र कशातच लक्ष लागेना. वजनकाट्यावर भाजी ठेवायचो आणि आकडा बघायला विसरायचो. रोज फोन करायचो. "प्रोसेसमध्ये आहे, पॅनिक होऊ नका," असं उत्तर यायचं. मग फोन उचलणंच बंद झालं. बायको म्हणायची, एका जागी बसा जरा. मी दुकानाच्या दारापासून शीतकपाटापर्यंत फेऱ्या मारत राहायचो.

मुलाखतीला आई सांगलीहून मुंबईला गेली. पत्राचं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. अधिकाऱ्याने तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "साहेब, माझ्यासाठी पत्र आलं असेल, बघा ना." त्याने बघितलं. पत्र नव्हतं. व्हिसाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच खासदारांच्या ऑफिसात गेलो, भांडायच्या तयारीने. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे माझं ऐकलं. आईच्या नावाने त्यांच्याकडे काहीच आलं नव्हतं. त्यांनी खणातून एक कागद काढला. एका पानाचा फॉर्म. या भागात राहणारा कोणीही तो भरून देऊ शकतो, म्हणाल्या, मग आम्ही वकिलातीला लिहितो. व्हिसा मिळेलच असं नाही, पण पत्र जातं.

"यासाठी ओळख लागते का?"

"ओळख कशाला?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

मी तिथून थेट फ्रिस्कोला गेलो. अध्यक्ष गवताला पाणी घालत होते.

"फॉर्म आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं," ते म्हणाले. "सासूबाईंच्या वेळी मीच भरला होता. पण तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही सह्या गोळा केल्या असत्या का?"

"आणि पाकीट?"

"त्या गडबडीत राहून गेलं हो. एवढा मोठा करार झाला, तुमचाही त्यात हात आहे. मोठं मन करा."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारचा अमेरिकन म्हातारा बाहेर येऊन बघत होता.

मी फॉर्म भरला. नवा अर्ज करू, म्हणून आईला फोन केला. ती म्हणाली, "नको रे. मी पत्राचं विचारलं, तेव्हा तो माणूस हसला. पुन्हा त्या खिडकीपुढे मी उभी राहणार नाही. तूच ये, जमेल तेव्हा." किती समजावलं. तिचा तापटपणा माझ्यात आलाय, ती ऐकणारी नव्हती.

पत्र गेलं असतं तर व्हिसा मिळालाच असता, असं मी म्हणत नाही. त्या सह्यांमुळे करार झाला, असंही नाही. एच-वनवाल्यांच्या सह्या मी महाप्रसादावर गोळा केल्या, हे मी कबूल करतो. पण अध्यक्ष, माझी आई खिडकीपुढे उभी राहून न लिहिलेलं पत्र मागत होती, आणि त्या वेळी ते पाकीट तुमच्याकडे पडून होतं. याचं उत्तर तुम्ही मला कधी दिलं नाहीत, आणि आता मला ते नकोच. सांगलीला फोन करा, तुमचं नाव सांगा आणि ते पत्र का आलं नव्हतं, ते तिला तुमच्या तोंडाने सांगा.